थोरल्याचा गंज

मित्रांनो, मी एक जुना ट्रक आहे असे म्हणायला जातो आणि अडखळतो. ट्रक म्हणावे, तर माझ्या हौद्यात आजवर कोणी मूठभर वाळूसुद्धा भरलेली नाही. खेळणे म्हणावे, तर माझ्याशी कोणी खेळलेलेही नाही. मी प्रतिकृती आहे. खऱ्या ट्रकच्या त्रेचाळिसाव्या हिश्श्याएवढा, ओतीव धातूचा, रबरी चाकांचा. तुमच्या तळहातावर ठेवलात तर बोटांपर्यंत पोचेन. मला जे सांगायचे आहे ते नीट सांगता येईल की नाही, ठाऊक नाही. सांगताना मधूनमधून माझा चडफडाट होईल, तेवढा सांभाळून घ्या.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तापलेला धातू साच्यात ओतला, गार झाल्यावर कडा घासल्या, नारिंगी रंगाचा फवारा मारला, की झालो मी. माझ्यासारखे शेकडो होते. आमच्यात कोण कोणता, हे आमचे आम्हालाही सांगता आले नसते. खोक्याला पारदर्शक खिडकी होती. तिच्यातून मी भाईंदर स्टेशनाजवळच्या एका दुकानातली समोरची फळी पाहत बसलो. त्या फळीवर कुकरच्या शिट्ट्या आणि रबरी कड्या टांगलेल्या होत्या. त्यांनासुद्धा गिऱ्हाईक होते. चाके असून जागचे हलता येत नाही, ही चीड मला तेव्हापासूनची.

मला बाहेर काढले ते काशीनाथकाकांनी. काका मूळचे रत्नागिरीकडचे, पण सारी नोकरी इकडे, औषधांच्या एका गोदामाच्या फाटकावर गाड्या आत-बाहेर सोडण्यात गेली. बुजरा माणूस. कोणी समोर येऊन बोलू लागले की ते चष्मा पुसायला घेत. माणसांपेक्षा गाड्यांकडे पाहणे त्यांना सोपे जाई. निवृत्त झाल्यावर भाईंदरच्या खारीतल्या घरात त्यांनी एका भिंतीला काचेचे कपाट करून घेतले आणि त्यात मालवाहू गाड्यांच्या प्रतिकृती मांडायला सुरुवात केली. मोटारी नाहीत, शर्यतीच्या गाड्या नाहीत. ज्या गाड्या पोटासाठी राबतात, तेवढ्याच.

त्यांचा एक नियम होता. जी गाडी आपण कामावर पाहिलेली नाही, ती कपाटात ठेवायची नाही. म्हणून आमच्यातल्या प्रत्येकाला बाहेरच्या जगात एक थोरला होता. हा शब्द काकांचाच. पाण्याच्या टँकरचा थोरला सोसायटीची टाकी भरायला येई. सिलिंडरच्या टेंपोचा थोरला गल्लीच्या तोंडाशी उभा राही. घंटागाडीचा थोरला रोज सकाळी येई, आणि बाकीचे लोक कचऱ्याचा डबा घेऊन खाली धावत तेव्हा काका कॅमेरा घेऊन धावत.

"शेजारच्या मिनलने मला विचारलं, काकू, तुमचे मिस्टर पालिकेत साहेब आहेत का," शालूकाकू म्हणाल्या. शालूकाकू म्हणजे काकांच्या पत्नी. "मी म्हटलं, हो, कचरा सोडून सगळं तपासतात."

काका हसले आणि चष्मा पुसू लागले.

माझा थोरला त्यांना उत्तनच्या धक्क्यावर सापडला. तो बर्फाच्या लाद्या धक्क्यावर आणायचा आणि मासळीचे क्रेट घेऊन बाजाराला जायचा. कधी काळी निळा होता. खाऱ्या वाऱ्याने तो निळा इतका फिका झाला होता की ढगाळ दिवशी मागचे आभाळ कुठे संपते आणि केबिन कुठे सुरू होते ते कळत नसे. डाव्या दारावर मोठा पोचा. हौद्याच्या कडेने वितळलेल्या बर्फाच्या पाण्याचे तांबूस ओघळ. कपाळावर मालकाच्या मुलीचे नाव, ऑड्रे, पण त्या नावाचा निम्मा रंग उडालेला. काकांनी त्याच्याकडे पाहिले, पिशवीतून मला काढले, माझ्या नारिंगी अंगाकडे पाहिले आणि उसासा टाकला. मला तेव्हा फार अपमान वाटला. आता वाटत नाही.

त्या दिवसापासून काका माझ्यावर काम करू लागले. आधी नारिंगी रंग खरवडला. मग मला तपकिरी रंगवले. मग अंगावर पाण्याचा हात फिरवून खडे मीठ भुरभुरले, आणि ते चिकटल्यावर वरून फिका निळा मारला. वाळल्यावर ते मीठ ब्रशने झाडले, तेव्हा जिथे जिथे खडा होता तिथे तिथे निळा उडून खालचा तपकिरी दिसू लागला. थेट गंज.

"माझ्या आमटीत मीठ जास्त झालं की तोंड वाकडं करता," शालूकाकू म्हणाल्या, "आणि ट्रकवर पसाभर?"

"त्याला लागतं," काका म्हणाले.

एकदा झाले म्हणून काका थांबत नसत. गंज फार वाटला, म्हणून पुसला. कमी वाटला, म्हणून पुन्हा केला. पोचा पाडताना त्यांचा हात इतका कापत होता की मीच वैतागलो. पाड ना एकदाचा, असे मला ओरडावेसे वाटे. बस पकडून ते उत्तनला जात, धक्क्यावरच्या गर्दीत एका बाजूला उभे राहून मला पिशवीतून अर्धवट बाहेर काढत, थोरल्याकडे पाहत, माझ्याकडे पाहत, आणि घरी येऊन पुन्हा घासत. पावसाळा संपल्यावर सुरू झालेले हे काम थंडी सरत आली तेव्हा संपले.

पण मित्रांनो, ते संपले त्या दिवशी मी पहिल्यांदा कोणीतरी झालो. आता माझ्यासारखे शेकडो नव्हते. मागचा फाळका उघडला की आत मेणाच्या बर्फाच्या लाद्या दिसत. ओघळ जिथे हवे तिथे होते. उडालेले नावसुद्धा थोरल्याच्या कपाळावर जसे उडाले होते तसेच उडालेले होते. काकांनी मला खिडकीतल्या उन्हात धरले, आणि मला ठाऊक आहे, त्यांना स्वतःचा अभिमान वाटला. ही गोष्ट त्यांच्या बाबतीत क्वचितच घडते.

त्याच सुमारास मीरा रोडला एका हॉलमध्ये प्रतिकृती जमवणाऱ्यांचे प्रदर्शन भरायचे ठरले. निकेत नावाचा तरुण ते भरवत होता. त्याने एक नवा विभाग काढला, जोडीचा. आत टेबलावर प्रतिकृती आणि बाहेर आवारात तिची खरी गाडी, दोन्ही हजर पाहिजेत. काकांनी आयुष्यात कधी कशात भाग घेतला नव्हता. या वेळी त्यांनी नाव दिले.

आता थोरल्याच्या मालकाशी बोलणे आले. मालकाचे नाव इग्नेशियस, राहणार उत्तनजवळच्या तारोडीचा. पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच ख्रिस्ती कोळी घराणे. काका धक्क्यावर त्याच्याभोवती घुटमळत राहिले. शेवटी तोच म्हणाला, "काका, रोज येतोस, गाडीचं फोटो काढतोस. फायनान्सवाला हायस काय?"

"नाही, नाही. मी… प्रदर्शन आहे. तुमची गाडी एक दिवस हॉलबाहेर उभी करता येईल का?"

"माझी गाडी? कशाला?"

"लोक बघतील."

इग्नेशियसने मागे वळून बायकोला हाक मारली. "फ्लेव्हिया, ऐकलंस? आपल्या गाडीचा सत्कार हाय."

इथे काकांनी सांगायला हवे होते. सत्कार नाही, जोडी आहे. आतली गाडी मी केली आहे, ती पाहा. मी पिशवीतच होतो. पण काका नुसते हसले आणि मान हलवली. निघताना एवढेच म्हणाले, "जशी आहे तशीच आणा. काही करू नका."

मला तिथेच धसका बसला. तुमच्या घरी पाहुणा यायचा असतो तेव्हा तुमची आई फोनवर सांगते ना, नुसते या, काही आणू नका? आणि तरी कोणी रिकाम्या हाताने येते का? इग्नेशियसने ते वाक्य तसेच घेतले. एवढ्या अदबीने बोलणारा म्हातारा काही करू नका म्हणतो, म्हणजे आपण करायला हवे.

प्रदर्शनाच्या रविवारी सकाळी काका हॉलच्या फाटकाशी मला खोक्यात घेऊन उभे होते. रस्त्याच्या वळणावरून एक पोपटी ट्रक आला. पोपटी अंग, लाल किनार, आरशाला झेंडूची माळ. काकांनी त्याच्याकडे पाहून न पाहिल्यासारखे केले आणि मान उंच करून त्याच्या मागे कोणी येते आहे का ते पाहू लागले. मागे रिक्षा होती.

पोपटी ट्रक त्यांच्यासमोर थांबला. कपाळावर सोनेरी अक्षरांत नाव, ऑड्रे. डाव्या दाराचा पत्रा ठोकून सरळ केलेला, पुट्टी भरून गुळगुळीत. इग्नेशियस पांढरा शर्ट घालून उतरला.

"धंदा बंद ठेवून केली, काका. आता बोल."

"छान," काका म्हणाले. "छान झालीय."

"यानं केस पन कापले," फ्लेव्हिया दुसऱ्या बाजूने उतरत म्हणाली. "मी म्हटलं, सत्कार गाडीचा हाय, तुझा न्हाय. चर्चमधल्या मिसावरून सरळ इकडंच आलो. त्या खोक्यात काय हाय? दाव."

काकांनी खोके छातीशी धरले. पण फ्लेव्हियाने हात पुढे केला होता, आणि हात पुढे केलेल्या माणसाला नाही म्हणणे काकांना येत नाही. त्यांनी झाकण काढले.

इग्नेशियस माझ्यावर वाकला. त्याने माझ्या डाव्या दारावरून बोट फिरवले. मला वाटले, आता माझे कौतुक होणार. किती वाट पाहिली होती मी.

"ही माझी गाडी?"

"हो."

"हा गंज?"

"तसा होता ना. डाव्या बाजूला जास्त."

"पोचा पन केलास."

"तोही… होता."

"आन् माझ्या पोरीचं नाव अर्धं पुसलंस."

"मी नाही पुसलं, इग्नेशियस. ते आधीच—"

"उडालेलं व्हतं, ते मला माहीत हाय," इग्नेशियस म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, आणि तेच वाईट होते. "ते समुद्राच्या वाऱ्यानं उडवलं. तू कशाला उडवलंस? ती तिकडं कुवेतला नर्स हाय. तिला फोटो धाडणार म्हणून सांगितलंय मी."

फ्लेव्हियाने त्याच्या बाहीला हात लावला.

तेवढ्यात निकेत बाहेर आला. त्याने पोपटी ट्रक पाहिला, मला पाहिले आणि कपाळाला हात लावला. काकांना बाजूला घेऊन तो म्हणाला, "काका, जोडीत हे चालणार नाही, मॅचच होत नाहीये. टेन्शन घेऊ नका, मी सिंगलमध्ये टाकतो. सिंगलमध्ये पहिला नंबर तुमचाच. असलं काम मी बघितलेलं नाही."

"आणि बाहेरची गाडी?"

"ती मग यादीत येणार नाही ना. त्यांना थँक्यू म्हणा, चहा पाजा, जाऊ देत."

मित्रांनो, मी त्या खोक्यात पडल्या पडल्या सगळे ऐकत होतो. माझी बाजू मांडायला एकच माणूस होता आणि त्याच्याकडे तोंड होते. त्याने एवढेच म्हणायचे होते, की इग्नेशियस, हा गंज मी टिंगल म्हणून केलेला नाही, तुमची गाडी किती राबते ते मला दाखवायचे होते. एक वाक्य. काकांचे ओठ हललेसुद्धा. मग ते म्हणाले, "उरलेला रंग आहे का तुमच्याकडे?"

"हाय. कुठं टवका उडाला तर म्हणून डबा गाडीतच ठेवलाय."

"काका, वेडे झालात का?" निकेत म्हणाला. "तो गाडीचा रंग आहे. सगळं बुजेल."

"असू दे," काका म्हणाले. "ते मिसावरून सरळ आलेत."

थोरल्याचा मागचा फाळका खाली सोडून काका त्यावर बसले आणि त्यांनी मला रंगवायला घेतले. तो रंग मोठ्या पत्र्यासाठी घोटलेला, काकवीसारखा दाट. माझ्या दारांच्या फटी भरल्या. ओघळ गेले. दिव्यांच्या कडा गेल्या. पोच्यात रंग साचून तो आपोआप भरून आला. माझा फाळका चिकटून बसला आणि आतल्या मेणाच्या लाद्या कायमच्या आत राहिल्या. काकांचा हात या वेळी अजिबात कापत नव्हता. मी सांगतो, त्याचा मला सर्वांत जास्त राग आला.

"नाव मी लिवते," फ्लेव्हिया म्हणाली. रंग जरा सुकल्यावर तिने केसातली पिन काढली, टोक गाडीतल्याच सोनेरी रंगाच्या डबीत बुडवले आणि माझ्या कपाळावर पूर्ण नाव लिहिले. सुबक लिहिले, हे मान्य करतो.

इग्नेशियसने मला थोरल्याच्या बॉनेटवर ठेवून फोटो काढले. एक बायकोबरोबर, एक काकांबरोबर, एक नुसता माझा. परीक्षक आले, त्यांनी मला भिंगातून पाहिले आणि आपसांत म्हणाले की रंग जाड आहे, तपशील बुजलेत, घाई केलेली दिसते. बक्षीस एका दुधाच्या टँकरला मिळाले.

"तुला प्राइज दिलं न्हाय? आंधळे हायत," इग्नेशियस म्हणाला, आणि काकांना केबिनमध्ये बसवून घरापर्यंत सोडायला आला.

त्यानंतर तो घरी येऊ लागला. ठाण्याला मासळी टाकायला घोडबंदरच्या रस्त्याने जायचे असले की वाटेत खारीत थांबे, पिशवीभर बोंबील किंवा मांदेली शालूकाकूंच्या हातात देई, हात धुऊन पुसे आणि मला कपाटातून मागून घेई. प्रत्येक वेळी म्हणे, "झकास हाय." शालूकाकूंना मासळी मिळाली, काकांना बोलायला एक माणूस मिळाला. सगळ्यांचे भले झाले. मी मात्र पोपटी.

एकदा दुपारी काकांनी थिनरची बाटली आणि कापूस काढला. बूच उघडले, वास घरभर झाला.

"काढा की मग," शालूकाकू म्हणाल्या. "कोण अडवतंय तुम्हाला?"

"थिनरला थर कळत नाहीत. वरच्याबरोबर खालचंही जाईल."

"मग बाटली कशाला काढलीत?"

काकांनी बूच लावले.

दरम्यान थोरला रोज धक्क्यावर जात होता. समुद्राला कोणाच्या सत्काराशी देणेघेणे नसते. उन्हाळ्यात त्याच्या पोपटी रंगाला फोड आले. पाऊस येऊन गेला, नवा हंगाम सुरू झाला. बर्फाच्या पाण्याने ओघळ पुन्हा उतरले. कोणीतरी मागे घेताना डावे दार पुन्हा चेपवले. पुढची थंडी आली तोवर कपाळावरचे सोनेरी नाव जागोजागी उडाले. काचेच्या आड मी नव्या नवरीसारखा चमकत होतो, आणि माझ्या अंगावर जे एकदा खरे होते ते सगळे थोरल्याच्या अंगावर परत आले होते. आता आमची जोडी पुन्हा जुळत नव्हती, फक्त उलट बाजूने.

गेल्या महिन्यात इग्नेशियस आला तेव्हा शालूकाकूंनी कपाटातून माझ्याबरोबर एक फोटोही बाहेर काढला. काकांनी मला खिडकीतल्या उन्हात धरले होते, त्या दिवशीचा. काका नको नको करत असताना त्यांनी तो इग्नेशियसच्या हातात दिला.

"हे बघा. हे आधी असं होतं. पावसाळ्यापासून थंडीपर्यंत बसून केलेलं."

इग्नेशियसने फोटो गॅलरीच्या दाराजवळच्या उजेडात नेला. एकदा खाली उभ्या असलेल्या थोरल्याकडे पाहिले.

"हा गंज कसा केलास, काका?"

"मिठाने," काका म्हणाले.

"मिठानं? खऱ्या मिठानं?"

"खड्यांच्या."

इग्नेशियस फोटोकडे पाहत राहिला. "म्हंजे माझ्या गाडीला जसं व्हतं तसंच," तो सावकाश म्हणाला. मग त्याने फोटो टेबलावर ठेवला. "आन् तू हे माझ्यासमोर रंगवलंस. मंग सांगायचं व्हतं ना. त्या दिवशी मला राग आला, तो घटकाभराचा. तू एक शब्द बोलला असतास तर मी म्हटलं असतं, राहू दे. ऑड्रेला धाडायला मोठ्या गाडीचा फोटो व्हता की."

काकांनी चष्मा काढला.

"आता निघंल काय हा रंग?"

"नाही."

"अरे काका," एवढेच इग्नेशियस म्हणाला आणि जिना उतरला. त्याला ठाण्याला जायचे होते, बर्फ वितळत होता.

काका मला हातात घेऊन उभेच राहिले. मग म्हणाले, "मला नव्हतं रंगवायचं."

"मला काय सांगताय?" शालूकाकू म्हणाल्या. "तो अजून खालीच आहे. त्याला सांगा."

काका गॅलरीत गेले. मी त्यांच्या मुठीत होतो. खाली इग्नेशियसने दार लावले, इंजिन सुरू केले. मी आजवर कधी ऐकला नव्हता एवढ्या मोठ्याने काकांनी आवाज दिला, "इग्नेशियस, मला नव्हतं रंगवायचं." मी ज्या हातात होतो तो हातही त्यांनी वर केला.

इग्नेशियसने खिडकीतून मान बाहेर काढून वर पाहिले. इंजिनाच्या घरघरीत त्याला शब्द ऐकू गेले नाहीत. त्याला वाटले, काका निरोप देत आहेत. त्याने हात हलवला, एकदा हॉर्न वाजवला आणि थोरला वळणावरून गेला.

मित्रांनो, वस्तूंची निगा राखा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. फडक्याने पुसा, धूळ बसू देऊ नका, जपून हाताळा. काकांनी माझ्यासाठी हे सगळे केले. तरी मी आज असा आहे. म्हणून माझे मागणे थोडे वेगळे आहे. एखादी वस्तू तुम्ही जिवापाड मेहनतीने केली असेल, तर ती का केली आणि कशी केली, हे समोरच्याला तोंडाने सांगा. आवाज कापला तरी सांगा, चष्मा पुसत सांगा. पण रंगाचा डबा उघडण्याआधी सांगा. आम्हाला बोलता येत नाही. आमच्या वतीने बोलायला तुमच्याशिवाय दुसरे कोणी नाही.